बुद्धीचे माप आणि परक्या देशातले मूल

मानसशास्त्र हा शब्द उच्चारला की आपल्या बहुतेक मंडळींच्या मनात दोन कल्पना उभ्या राहतात. समोरच्याच्या मनातले ओळखण्याची विद्या ही एक, आणि वेड लागलेल्यांवर करावयाचा उपचार ही दुसरी. पहिली कल्पना साफ चुकीची आहे. दुसरी अपुरी आहे. माणूस काय करतो, कसे शिकतो, का विसरतो, कशाला भितो आणि कशाचा हट्ट धरतो, यामागची कारणे निरीक्षणाने व प्रयोगाने शोधणारे ते मानसशास्त्र. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा उघडली आणि तेव्हापासून या शास्त्राचे वय मोजण्याचा प्रघात पडला. आता ते दीडशेच्या घरात आले आहे. शास्त्रांच्या मानाने हे पोरवयच म्हणावयाचे, आणि पोरवयातल्या चुकाही त्याने भरपूर केल्या आहेत.

या शास्त्राची ओळख वाचकांना करून द्यावी, अशी संपादकांची सूचना होती. सबंध शास्त्राचा पसारा एका लेखात मांडणे माझ्याच्याने होणार नाही. अध्यापक विद्यालयात हा विषय आम्हांला दोन वर्षे होता आणि आम्ही तो प्रामाणिकपणे पाठ केला होता. त्यातले पुष्कळसे परीक्षेनंतर विसरलेही. म्हणून त्यातला एकच प्रश्न मी निवडला आहे. मुलाची बुद्धी मोजता येते काय? स्थलांतर करून आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या दारात हा प्रश्न केव्हा ना केव्हा येऊन उभा राहतो. माझ्या दारात तो १९९७ च्या हिवाळ्यात आला.

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही ठाण्याहून इस्रायलला आलो. थोरला मुलगा सात वर्षांचा होता. ठाण्याला तो वर्गात बडबड्या म्हणून प्रसिद्ध. येथे चार महिने झाले तरी शाळेत तोंड उघडीना. शाळेने त्याची चाचणी घ्यावयाचे ठरविले. परीक्षा घेणारी मुलगी तरुण होती, स्वभावाने गोड होती, तिचा काही दोष नव्हता. तिने चित्रे दाखवून नावे विचारली. एका चित्रात छत्री होती. माझ्या मुलाने लगेच "छत्री" असे सांगितले. तिने मान हलविली आणि पुन्हा हिब्रूत विचारले. तो गप्प बसला. पुढच्या चित्रांनाही तो गप्पच बसला, कारण मराठी उत्तर चालत नाही एवढे त्याला पहिल्याच चित्राला कळले होते. अहवालात त्याची बुद्धी सर्वसाधारण पातळीपेक्षा बरीच कमी असल्याचे नमूद झाले आणि त्याला वेगळ्या वर्गात घालण्याची शिफारस झाली. त्या कागदावर मी सही केली. मी, जिने दोन वर्षे मानसशास्त्र शिकून दहा वर्षे मुलांना शिकविले होते!

आता या मापाचा जन्म कसा झाला ते पाहू. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. नेहमीच्या वर्गात जी मुले मागे पडतात ती ओळखून काढावी आणि त्यांना निराळे शिक्षण द्यावे, हा हेतू. त्या समितीवर आल्फ्रेड बिने होते. त्यांनी थिओडोर सिमॉन या तरुण डॉक्टरांच्या साहाय्याने १९०५ साली तीस प्रश्नांची एक मालिका तयार केली. पहिला प्रश्न इतका सोपा की पेटलेली काडी हलविली असता मूल तिच्यामागे नजर फिरविते का, एवढेच पाहावयाचे. पुढे शरीराचे अवयव दाखविणे, आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड ओळखणे, असे करीत प्रश्न चढत जातात. १९०८ साली त्यांनी हे प्रश्न वयांनुसार लावले. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते सहाव्या वर्षाचे, सात वर्षांच्या मुलांना जमते ते सातव्याचे. 'मानसिक वय' ही कल्पना यातून निघाली. १९१२ साली विल्यम श्टर्न या जर्मन ज्यू मानसशास्त्रज्ञांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावे असे सुचविले. अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी १९१६ साली त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि बुद्ध्यंक जन्माला आला. आठ वर्षांच्या मुलाला दहा वर्षांच्या मुलाचे प्रश्न सुटले तर बुद्ध्यंक १२५, सहा वर्षांच्याचेच सुटले तर ७५. हल्ली हा हिशेब असा भागाकाराने करीत नाहीत. समवयस्क मुलांच्या तुलनेत मूल कोठे बसते ते पाहतात. पण शंभर म्हणजे मध्यम, ही खूण कायम राहिली.

बिने यांच्याविषयी एक गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती; ती मी फार उशिरा वाचली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे समजणाऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली होती. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण आणि स्वतःवरील ताबा वाढविणारे व्यायामही बसविले होते. पायांच्या व्यंगावर जसा व्यायाम, तसा मनालाही. म्हणजे माप करणाऱ्यालाच मापावर आंधळा विश्वास नव्हता. १९११ साली ते वारले, आणि माप दुसऱ्यांच्या हाती गेले.

ते कोणाच्या हाती गेले, हे आपण ज्यूंनी तरी वाचून ठेवावे. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचे बेट आहे. युरोपातून येणारे गोरगरीब तेथे उतरत आणि तपासणी होऊन मगच अमेरिकेत पाऊल ठेवीत. बिने यांची कसोटी अमेरिकेत नेणारे हेन्री गॉडर्ड यांनी १९१३ साली आपल्या साहाय्यिकांकडून तेथे काही लोकांची परीक्षा घेवविली. बोटीच्या तळमजल्यातून दिवसेंदिवस प्रवास करून आलेली, घाबरलेली, इंग्रजीचा गंध नसलेली ही माणसे. त्यांतल्या कित्येकांनी जन्मात कधी पेन्सिल हाती धरली नव्हती. १९१७ साली गॉडर्ड यांनी निष्कर्ष छापले. परीक्षा झालेल्या ज्यूंपैकी शेकडा ८३ मंदबुद्धी! इटालियन ७९, हंगेरियन ८०, रशियन ८७. मुळात परीक्षा झालेली माणसे जेमतेम दीडशेच्या आसपास होती आणि तीही निवडून घेतलेली. खुद्द गॉडर्ड यांनाही हे आकडे फार वाटले आणि गरिबीचा हा परिणाम असावा काय, असा प्रश्न त्यांनी मांडला. पण छापलेला आकडा छापलेल्या शंकेपेक्षा लवकर पसरतो.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात लाखो जवानांची बुद्धिपरीक्षा झाली. त्यांतले काही प्रश्न अमेरिकेतील विक्रीच्या वस्तूंविषयी होते. अमुक नावाचा माल म्हणजे औषध, दंतमंजन, की खाण्याचा पदार्थ, असे. हे आकडे घेऊन कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ साली उत्तर युरोपातले लोक श्रेष्ठ आणि बाकीचे कनिष्ठ, असा ग्रंथ लिहिला. १९२४ साली अमेरिकेने पूर्व व दक्षिण युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. या कायद्यात बुद्धिमापनाच्या आकड्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. परंतु त्या मर्यादेमुळे पुढे हिटलरच्या काळात किती ज्यूंना ते दार बंद सापडले, हे सांगावयास नको. ब्रिगॅम यांनी १९३० साली आपले निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. गॉडर्ड यांनीही पुढे आपली मते बदलली. आपण चुकलो असे छापून सांगणारे विद्वान फार नसतात, म्हणून हे लिहिले.

आपल्या महाराष्ट्राशीही या कसोटीचा संबंध आहे. धारवाडचे डॉ. वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या कसोटीची मराठी व कानडी मुलांसाठी पुनर्रचना केली. नुसते भाषांतर करून भागत नाही, प्रश्न तेथील मुलांच्या जगातले हवेत आणि गुण तेथील मुलांवर पडताळून ठरवावयास हवेत, हे त्यांनी केले. आमच्या परीक्षेत यावर टीप लिहावयास येई. मी ती चांगली लिहिली होती.

आणि तरीही नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात गुलबर्ग्याकडच्या एका गवंड्याचा मुलगा आला. शाळेजवळच इमारतीचे काम चालू होते. मुलाला मराठी चार शब्द येत. तोंडी गणित विचारले की तो बावरून पाही. महिनाभरात मी त्याला शेवटच्या बाकावर बसविले आणि शिक्षकांच्या खोलीत सहज म्हणाले, "मठ्ठ आहे हो अगदी." एकदा त्याचे वडील टोपी हातात धरून दारात उभे राहिले. "बाई, घरी हिशेब बरोबर करतो तो. विटांचा हिशेब तोच सांगतो मला." मी म्हणाले, "घरी करीत असेल." कामतांची कसोटी कानडीतही आहे, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते, त्या मुलाला कानडीत प्रश्न विचारावा, हे मला सुचले नाही. आमचा शिपाई विजापूरचा होता. त्याला हाक मारली असती तरी पुरे होते. पावसाळ्यापूर्वी इमारत पुरी झाली आणि मुलगा पटावरून गेला.

भाषेइतकाच, किंबहुना तिच्याहून खोल असा आणखी एक पडदा असतो. त्याचा शोध घेतला अलेक्झांडर लुरिया या रशियन ज्यू मानसशास्त्रज्ञांनी. १९३१ व १९३२ साली ते उझबेकिस्तानातील खेड्यांत गेले. तेथील शेतकऱ्यांशी त्यांनी चहा पीत गप्पा मारल्या आणि गप्पांतच कोडी घातली. करवत, हातोडा, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतले वेगळे कोणते? शाळेत गेलेला मनुष्य म्हणेल ओंडका, कारण बाकीची हत्यारे. शेतकरी म्हणत, एकही काढता येणार नाही. लाकूडच नसेल तर करवत काय कामाची? दुसरे कोडे असे. उत्तरेकडे जेथे बर्फ असते तेथील सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या हा द्वीपसमूह त्या उत्तरेत आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? यावर पुष्कळांचे उत्तर एकच: आम्ही तेथे गेलो नाही, आणि जे पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही.

ही माणसे निर्बुद्ध होती काय? पाणी, जमीन आणि कापूस यांचे त्यांचे ज्ञान लुरियांच्या दसपट असेल. कोकणात तेलाचा घाणा चालविणाऱ्या आपल्या एखाद्या पणजोबांना बैल, गाय, शेळी आणि घाणा यांतले वेगळे काढावयास सांगितले असते, तर त्यांनीही विचारणाऱ्याकडे कीव येऊन पाहिले असते. घाणा काढला तर बैल उभा कशाला करावयाचा? लुरियांना असे आढळले की ज्यांनी थोडेसे शालेय शिक्षण घेतले होते, त्यांना हीच कोडी सहज सुटत. याचा अर्थ असा की कागदावरच्या चौकटीत, अनुभव बाजूला ठेवून विचार करणे ही एक शिकावी लागणारी रीत आहे. जन्मतः आलेल्या बुद्धीचा तो निवाडा नव्हे. सोव्हिएत सरकारला हे संशोधन रुचले नाही आणि पुस्तक प्रसिद्ध व्हावयास १९७४ साल उजाडले.

लुरियांचे मित्र लेव्ह विगोत्स्की क्षयाने आजारी असल्यामुळे या प्रवासाला जाऊ शकले नाहीत. १९३४ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी ते वारले. त्यांनी मांडलेला एक विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन मुले स्वतःच्या बळावर सारखेच प्रश्न सोडवितात. दोघांनाही थोडी मदत द्या. एक मूल पुष्कळ पुढे जाईल, दुसरे थोडेच. मग ती दोन मुले सारखी कशी? मुलाला आज एकट्याने काय येते यापेक्षा, मदतीचा हात धरून ते कोठवर पोहोचते, हे पाहावे.

हा विचार आपल्या देशात प्रत्यक्ष व्यवहारात आणला रेऊवेन फॉयरश्टाइन यांनी. त्यांचा जन्म १९२१ साली रुमानियातील बोटोशानी गावी झाला. युद्धानंतरच्या काळात छळछावण्यांतून वाचलेली मुले, आणि पुढे मोरोक्कोसारख्या देशांतून युवा आलियातर्फे येणारी मुले, यांची त्यांना तपासणी करावी लागे. नेहमीच्या कसोट्यांवर ही मुले घाऊक प्रमाणात मंदबुद्धी ठरत. जिनिव्हात झां पियाजे व आंद्रे रे यांच्यापाशी शिकलेल्या फॉयरश्टाइन यांना हे पटेना. त्यांनी परीक्षेची रीतच उलटी केली. परीक्षकाने घड्याळ लावून मख्ख चेहऱ्याने बसावयाचे नाही. आधी प्रश्न द्यावयाचा. अडले तर कोठे अडले ते पाहून शिकवावयाचे. मग तसाच नवा प्रश्न द्यावयाचा आणि शिकविलेले किती लवकर आत्मसात झाले ते टिपावयाचे. मुलापुढे ठिपक्यांचा एक पुंजका ठेवतात. त्यात दडलेले चौकोन व त्रिकोण रेघांनी जोडावयाचे असतात. त्याला फार भाषा लागत नाही. घाई न करणे आणि आखून विचार करणे मात्र लागते. १९६५ साली यरुशलेम येथे त्यांची संशोधन संस्था निघाली, १९९२ साली त्यांना इस्रायल पारितोषिक मिळाले आणि २०१४ साली ते वारले. इथिओपियाहून आलेल्या मुलांच्या बाबतीतही या पद्धतीचा उपयोग झाला. त्यांच्या शिकविण्याने एकंदर बुद्धीच वाढते, हा दावा मात्र सर्व संशोधकांना मान्य नाही, आणि मलाही त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. परंतु परीक्षेपुरते म्हणाल तर त्यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले.

हे सर्व चालू असताना याच देशाच्या शिक्षणखात्यात १९६० व ७० च्या दशकांत 'तेउने तिपुआख', म्हणजे जोपासनेची गरज असलेली मुले, असा एक वर्ग होता. मूल त्या वर्गात मोडते की नाही हे कशावरून ठरे? वडिलांचा जन्मदेश आशिया-आफ्रिकेतला आहे काय, वडिलांचे शिक्षण किती, आणि घरात भावंडे किती. अशा मुलांच्या शाळांना जास्त पैसा मिळावा हा हेतू चांगलाच होता. परंतु दिमोना, बेरशेबा, लोद येथे वाढलेल्या आपल्या आधीच्या पिढीला विचारा, त्या शब्दाची चव तोंडात अजून कशी आहे ते. शिक्षकाच्या मनात एकदा शिक्का उमटला की तो पुसणे कठीण. रॉबर्ट रोझेंथाल व लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली अमेरिकेतील एका शाळेचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांची नावे नुसती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, ही यंदा पुष्कळ प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेर पहिली-दुसरीतील त्या मुलांचे गुण खरोखरच अधिक वाढलेले दिसले. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि असा परिणाम सांगितला जातो त्यापेक्षा लहान असतो हेही दिसून आले. पण शेवटच्या बाकावरचे मूल आठवले की मला तो अगदीच खोटा वाटत नाही.

इतके लिहिल्यावर कोणी म्हणेल, मग चाचण्या टाळाव्यात हे बरे. तसे मुळीच नव्हे. आपल्याच ओळखीच्या एका घरी लाजेपायी मुलीची तपासणी दोन वर्षे टाळली. तिला कमी ऐकू येत होते, एवढेच निघाले, आणि दोन वर्षे फुकट गेली. चाचणी अवश्य करू द्यावी. मात्र ती कोणत्या भाषेत होणार, मुलाची भाषा जाणणारे कोणी जवळ असेल काय, तोलून पाहावयाचे गुण कोणत्या मुलांवरून ठरविले आहेत, मूल देशात येऊन किती महिने झाले हे अहवालात लिहिणार काय, आणि शिकवून पुन्हा परीक्षा घेण्याची सोय आहे काय, हे विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. १९८८ च्या विशेष शिक्षण कायद्याने आईवडिलांना समितीपुढे आपले म्हणणे मांडण्याचा आणि निर्णयावर अपील करण्याचा हक्क दिला आहे. आम्हां बेने इस्रायली लोकांना सरकारी टेबलासमोर "बरं" म्हणण्याची जुनी सवय आहे, ती येथे उपयोगी नाही.

माझ्या मुलाची दुसरी तपासणी पुढील वर्षी झाली. या वेळी परीक्षक वयस्क बाई होत्या. त्यांनी आधी त्याच्याकडून चार मराठी शब्द शिकून घेतले आणि मुद्दाम चुकीचे उच्चारले, तो हसला. मग ठिपक्यांचे कागद पुढे ठेवले. पहिल्या कागदाला त्यांनी बरीच मदत केली, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्यापासून हात आखडता घेतला. त्यांच्या अहवालात बुद्ध्यंक नव्हताच. कोठे अडला, काय सांगितल्यावर सुटले, एवढेच दोन पाने भरून होते. तो नेहमीच्या वर्गात राहिला.

पहिला अहवाल माझ्या कपाटात अजून आहे. परवा या लेखासाठी काढून पाहिला. वरच्या भागात दोन रकाने आहेत. परीक्षेची भाषा: हिब्रू. मातृभाषा: हिंदी. त्याच्या खाली माझी सही आहे.